१७८ रुपये रोज: किमान वेतनाचा आकडा का हलत नाही आणि त्याची किंमत कोण मोजतं?

२०१७ साली केंद्र सरकारने ठरवलं, की देशात कुठल्याही मजुराला दिवसाला १७६ रुपयांपेक्षा कमी मजुरी मिळू नये. जुलै २०१९मध्ये त्यात २ रुपये वाढले आणि आकडा १७८ झाला. त्यानंतर कोरोना आला आणि गेला, गॅस सिलिंडर आठशेच्या पुढे गेला, तेल, डाळ, दूध, एसटीचं तिकीट, खोलीचं भाडं, मुलांची फी सगळं वाढलं. २१ नोव्हेंबर २०२५ला देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्या दिवसापर्यंत हा आकडा मात्र १७८च होता.

महिन्याचे २६ दिवस काम धरलं, तर १७८ रुपयांचे होतात ४,६२८ रुपये. एवढ्यात महिना काढायचा कसा, याचं उत्तर कुठल्याच सरकारी कागदात नाही.

मग हा आकडा ठरतो कसा? तो अडकतो का? आणि ‘एवढ्या कमी पैशांत आता कोण काम करतं?’ असं म्हणून विषय संपवता येतो का? एकेक मुद्दा समजून घेऊया.

किमान वेतन म्हणजे नेमकं काय?

१९४८ साली देशात किमान वेतन कायदा आला. ज्या उद्योगांत कामगारांची संघटना नाही, सौदा करायची ताकद नाही, तिथे मालक वाटेल तेवढी कमी मजुरी देऊ शकतो. हे थांबवण्यासाठी सरकारने एक तळरेषा आखायची आणि त्याखाली मजुरी देणं बेकायदा ठरवायचं, ही त्यामागची कल्पना.

त्याच काळात योग्य वेतनासंबंधीच्या सरकारी समितीने तीन पायऱ्या सांगितल्या. सगळ्यात खाली किमान वेतन, म्हणजे जगण्यापुरतं आणि काम करण्याची क्षमता टिकवण्यापुरतं. त्याच्या वर योग्य वेतन. सगळ्यात वर निर्वाह वेतन, म्हणजे कुटुंबाला अन्न-वस्त्र-निवाऱ्याबरोबर शिक्षण, आजारपण आणि म्हातारपणाची तरतूद करता येईल असं. राज्यघटनेच्या कलम ४३मध्ये सरकारने निर्वाह वेतनासाठी प्रयत्न करावा, असं सांगितलं आहे. म्हणजे किमान वेतन ही सुरुवातीची पायरी होती. आज लाखो कामगारांसाठी तीच शेवटची पायरी झाली आहे.

सर्वोच्च न्यायालयाने तर याहून कडक भूमिका घेतली. १९८२च्या आशियाई स्पर्धांसाठी दिल्लीत स्टेडियम आणि उड्डाणपूल बांधले जात होते. तिथल्या मजुरांचं किमान वेतन ९ रुपये २५ पैसे होतं, पण मुकादम प्रत्येकाच्या रोजातून १ रुपया कापून घेत. हे प्रकरण न्यायालयात गेलं. न्यायालयाने सांगितलं, की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणं ही कलम २३नुसार सक्तीची मजुरी, म्हणजे एक प्रकारची वेठच आहे. भुकेपोटी माणूस कमी पैशांत ‘राजी’ झाला, म्हणून ती राजीखुशी ठरत नाही. त्यामुळे ‘तो स्वतःच तयार झाला होता’ हा मालकाचा बचाव कायद्यात चालत नाही.

आकडा काढायचा कसा?

यासाठी सूत्र आहे आणि ते बरंच जुनं आहे. जुलै १९५७मध्ये १५व्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार संघटना यांनी मिळून ते ठरवलं. कमावणारा एक माणूस, त्याची बायको आणि दोन मुलं असं कुटुंब धरायचं. खाण्याच्या हिशेबात कामगार १, बायको ०.८ आणि दोन मुलं मिळून १.२, म्हणजे एकूण ३ ‘एकक’. प्रत्येक एककाला रोज २,७०० कॅलरी. कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड. सरकारी औद्योगिक गृहनिर्माण योजनेतल्या छोट्या घराएवढं भाडं. आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण रकमेच्या २० टक्के.

या यादीत काय नाही ते पाहा. शाळेचा खर्च नाही, दवाखाना नाही, सणवार नाही, म्हातारपण नाही. ही त्रुटी सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात भरून काढली. मुलांचं शिक्षण, औषधोपचार, सणसमारंभ, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के धरावेत, असं न्यायालयाने सांगितलं.

म्हणजे सूत्र आहे, न्यायालयाचा निकाल आहे. बाजारातले भाव घालायचे आणि गणित सोडवायचं, एवढंच बाकी राहतं. अडचण गणितात नाही, उत्तर मान्य करण्यात आहे.

१७८ रुपये आले कुठून?

किमान वेतन ठरवणं हे मुख्यतः राज्यांचं काम. रेल्वे, खाणी, बंदरं अशा केंद्राच्या अखत्यारीतल्या कामांसाठी केंद्र वेगळे दर ठरवतं. त्यामुळे राज्याराज्यांत प्रचंड फरक पडला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८च्या अहवालानुसार भारतात किमान वेतनाचे तब्बल १,७०९ वेगवेगळे दर होते आणि तरीही मजुरीवर काम करणाऱ्यांपैकी सुमारे ६६ टक्क्यांनाच ते लागू होत होते.

हा गोंधळ कमी व्हावा म्हणून १९९६ साली केंद्राने ‘राष्ट्रीय तळ वेतन’ जाहीर केलं. तेव्हा ते ३५ रुपये होतं. पुढे दर एक-दोन-तीन वर्षांनी वाढ होत गेली: १९९८मध्ये ४०, २००४मध्ये ६६, २००९मध्ये १००, २०१३मध्ये १३७, २०१५मध्ये १६० आणि २०१७मध्ये १७६. वाढ फार मोठी नव्हती, पण होत होती. गाडी अडली ती २०१७नंतर.

आकडा बदलायला हवा हे सरकारला माहीत नव्हतं असं नाही. केंद्राने डॉ. अनुप सत्पथी यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली. २०१९च्या सुरुवातीला तिचा अहवाल आला. समितीने कॅलरी २,७००वरून २,४००पर्यंत खाली आणल्या, पण त्याबरोबर ५० ग्रॅम प्रथिनं आणि ३० ग्रॅम स्निग्ध पदार्थही धरले. कुटुंबाचं माप ३ऐवजी ३.६ एकक केलं. जुलै २०१८च्या भावांनी उत्तर आलं: दिवसाला ३७५ रुपये, महिन्याला ९,७५० रुपये. शहरात राहणाऱ्यांसाठी महिना १,४३० रुपयांपर्यंत घरभाडं वेगळं.

म्हणजे सरकारच्याच समितीने ३७५ सांगितले आणि त्याच वर्षी जाहीर झाले १७८. निम्म्याहून कमी! २०२१मध्ये प्रा. अजित मिश्रा यांच्या अध्यक्षतेखाली याच कामासाठी आणखी एक समिती नेमली गेली आणि तिला तीन वर्षांची मुदत देण्यात आली.

तोवर महागाई थांबली नव्हती. २०१९च्या मध्यापासून २०२५च्या मध्यापर्यंत ग्राहक किंमत निर्देशांक साधारण ३५ टक्क्यांनी वाढला. म्हणजे २०१९मध्ये १७८ रुपयांत जेवढं मिळत होतं, तेवढंच घ्यायला २०२५मध्ये सुमारे २४० रुपये लागत होते. समितीचे ३७५ रुपये याच पद्धतीने पुढे आणले, तर ते पाचशेच्या पुढे जातात. आकडा जागेवर राहिला म्हणजे मजुरी जागेवर राहिली असं होत नाही, ती दरवर्षी थोडी थोडी कमी होत जाते. कपातीची नोटीस कुणी लावत नाही, एवढाच फरक.

पण १७८ रुपयांत आता काम कोण करतं?

हा प्रश्न रास्त आहे. सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणानुसार रोजंदारीवरच्या मजुरांची सरासरी कमाई २०१७च्या जुलै-सप्टेंबरमध्ये दिवसाला २९४ रुपये होती, ती २०२४च्या एप्रिल-जूनमध्ये ४३३ रुपये झाली. बहुतेक ठिकाणी १७८ला माणूस मिळत नाही, हे खरंच आहे.

पण याच आकड्यांकडे जरा बारकाईने पाहा. २९४वरून ४३३ म्हणजे ४७ टक्के वाढ. त्याच काळात महागाई साधारण ३९ टक्क्यांनी वाढली. म्हणजे सात वर्षांच्या कष्टानंतर मजुराच्या ताटात खरी भर पडली ती जेमतेम. शिवाय ही सरासरी आहे. केरळमधला गवंडी आणि विदर्भातली निंदणीला जाणारी बाई दोघंही तिच्यात आहेत. त्यातही रोजंदारीचं काम महिन्याचे २६ दिवस मिळतंच असं नाही.

महिना पगार घेणाऱ्यांची स्थिती तर आणखी बोलकी आहे. २०२४-२५च्या केंद्रीय आर्थिक पाहणीनुसार, महागाई वजा करून पाहिलं तर पगारदार पुरुषांची सरासरी मासिक कमाई २०१७-१८मध्ये १२,६६५ रुपये होती, ती २०२३-२४मध्ये ११,८५८वर आली. म्हणजे पगाराचा आकडा वाढला, पण त्यातून येणारा किराणा कमी झाला.

तळाचा आकडा महत्त्वाचा असतो तो यासाठी. कुणी नेमके १७८ घेतो की नाही, हा मुद्दा नाही. तळ खाली असला की राज्यांना आपले दर वाढवण्याची निकड वाटत नाही. ठेकेदार म्हणतो, ‘मी तर सरकारी दरापेक्षा जास्त देतो.’ आणि मजुरी मागायला गेलेल्या माणसाच्या हातात दाखवण्यासारखा आकडाच राहत नाही.

केंद्राच्या अखत्यारीतल्या कामांचा दर बघितला की हे नीट कळतं. ऑक्टोबर २०२४पासून मोठ्या शहरांत बांधकाम, सफाई आणि हमालीच्या अकुशल कामाला केंद्राने दिवसाला ७८३ रुपये ठरवले, महिन्याला २०,३५८. म्हणजे तेच सरकार आपल्या कामासाठी ७८३ योग्य मानतं आणि देशाचा तळ म्हणून १७८ ठेवतं.

महाराष्ट्रात काय होतं?

आपल्याकडे किमान वेतनाचे दोन भाग असतात. एक मूळ वेतन आणि दुसरा विशेष भत्ता, म्हणजे महागाईनुसार बदलणारा भत्ता. भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून बदलतो. मूळ वेतन मात्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय बदलत नाही.

कायदा सांगतो, की दर पाच वर्षांच्या आत मूळ दरांचा आढावा घ्या. प्रत्यक्षात काय झालं? दुकानं आणि व्यापारी आस्थापनांचं उदाहरण घ्या. कपड्याच्या दुकानातल्या मुलीपासून कार्यालयातल्या शिपायापर्यंत फार मोठा वर्ग यात येतो. इथले दर २०१० साली सुधारले गेले आणि त्यानंतर थेट जुलै २०१९मध्ये. मध्ये नऊ वर्षं गेली. २०१९च्या दरांनुसार मोठ्या शहरांतल्या अकुशल कामगाराचं मूळ वेतन १०,०२१ रुपये, अर्धकुशल कामगाराचं १०,८५६ आणि कुशल कामगाराचं ११,६३२ रुपये ठरलं.

‘भत्ता वाढतोच ना, मग मूळ वेतन थांबलं तर काय बिघडलं?’ असं कुणी विचारेल. बिघडतं ते असं: भत्ता पगार वाढवत नाही, तो फक्त महागाईने पडलेला खड्डा बुजवतो, तोही खड्डा पडून गेल्यावर. दहा वर्षांपूर्वी ज्या खर्चांचा विचारच नव्हता, म्हणजे मोबाइलचं रिचार्ज, मुलाचा क्लास, शहराबाहेर राहायला गेल्यामुळे वाढलेलं प्रवासभाडं, ते भत्त्यात पुरते धरले जात नाहीत. त्यासाठी मूळ वेतनच नव्याने ठरवावं लागतं. तेच लांबलं, की देश आणि उद्योग पुढे जातात, कामगार मात्र जुन्या सालातच राहतो.

कागदावर एक, हातात दुसरं

दर ठरला तरी तो हातात पडतोच असं नाही. कंत्राटी कामात पगार कमी करण्याचे मार्ग सगळ्यांना माहीत असतात. सही एका रकमेवर आणि हातात दुसरी रक्कम. बँकेत पूर्ण पगार जमा होतो, पण त्यातले दोन-तीन हजार ठेकेदाराला रोख परत करावे लागतात. काही ठिकाणी एटीएम कार्डच सुपरवायझरकडे असतं. गणवेशाचे, ओळखपत्राचे, ‘डिपॉझिट’चे पैसे कापले जातात.

सगळ्यात मोठी चोरी होते ती वेळेची. समजा, एखाद्या कामाचा आठ तासांचा दर ५०० रुपये आहे, म्हणजे तासाला ६२ रुपये ५० पैसे. जादा कामाला दुप्पट दर द्यावा लागतो. म्हणजे बारा तासांच्या ड्यूटीला पहिल्या आठ तासांचे ५०० आणि पुढच्या चार तासांचे ५००, असे १,००० रुपये व्हायला हवेत. आपल्या सोसायटीच्या गेटवर बारा तास उभ्या असलेल्या वॉचमनला किती मिळतात, हे एकदा विचारून बघा. या हिशेबात फक्त ठेकेदारच नसतो. सर्वांत कमी भावाची निविदा निवडणारी सोसायटी, शाळा, दवाखाना आणि सरकारी कार्यालयही असतं. निविदेतला भाव किमान वेतनाच्या खाली असेल, तर फरक कुणाच्या खिशातून जाणार हे सही करतानाच ठरलेलं असतं.

जुन्या कायद्यात शिक्षा काय होती? सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड. १९४८मध्ये ५०० रुपये ही मोठी रक्कम होती. नंतर ती हॉटेलच्या एका बिलाएवढी झाली. म्हणजे किमान वेतनापेक्षाही जास्त काळ जागेवर राहिलेलं काही असेल, तर तो हा दंड.

जे या रेषेच्या बाहेरच आहेत

काही कामगारांपर्यंत किमान वेतन हा शब्दही पोहोचत नाही.

ऊसतोड मजुराला दिवसाची नाही, टनाची मजुरी मिळते. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून नवरा-बायकोची जोडी कारखान्याच्या पट्ट्यात जाते. हिशेबात त्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते आणि हंगामभर ती फेडायची असते. पहाटेपासून मोळ्या बांधणाऱ्या बाईच्या नावावर वेगळी मजुरी लागतच नाही. सोलापूरच्या विडी कामगार बायकांना हजार विड्यांमागे पैसे मिळतात आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या हिशेबातून वजा होतात. यंत्रमागावर पिकाच्या हिशेबाने मजुरी. नगावर काम असलं, की आठ तासांत किमान वेतन पडतं का, हे कुणी तपासत नाही. कामगार दहा-बारा तास राबून ती रक्कम गाठतो आणि कागदावर सगळं ठीक दिसतं.

आशा आणि अंगणवाडी सेविकांना मिळतं ते ‘मानधन’. शब्द सन्मानाचा आहे, पण त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की त्या ‘कामगार’ ठरत नाहीत आणि किमान वेतन लागू होत नाही. जेवण पोहोचवणाऱ्या ॲपवरच्या मुलाला ‘पार्टनर’ म्हणतात. तिथेही तोच परिणाम.

वेतन वाढवलं तर रोजगार जातील का?

मालकांचा मुख्य आक्षेप हा असतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चार माणसांचं वर्कशॉप चालवणारा छोटा उद्योजक स्वतःच पैशांच्या ओढाताणीत असतो. मोठी कंपनी त्याचं बिल तीन-तीन महिने थकवते. एकदम दुप्पट वेतन द्यायला सांगितलं, तर तो एक माणूस कमी करेल किंवा नोंदी लपवेल.

पण ‘वेतन वाढलं की रोजगार घटतोच’ हे सरसकट खरं नाही. अमेरिकेत एप्रिल १९९२मध्ये न्यू जर्सी राज्याने किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते तसंच राहिलं. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी दोन्हीकडच्या फास्ट फूड दुकानांची तुलना केली. न्यू जर्सीत रोजगार कमी झाल्याचं दिसलं नाही. या निष्कर्षावर पुढे बराच वाद झाला, पण या विषयाकडे बघण्याची पद्धत त्याने बदलली. कार्ड यांना २०२१ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

यामागचं कारण समजायला सोपं आहे. गावात काम देणारे दोनच असतील, तर मजुरी त्यांच्या मर्जीने ठरते आणि माणसाच्या कामाच्या मोलापेक्षा कमी असते. तिथे वेतन वाढवायला जागा असते. दुसरं म्हणजे, पगार बरा असला की माणसं सोडून जात नाहीत आणि नवीन माणसाला शिकवण्याचा खर्च वाचतो. आणि गरिबाच्या हातात आलेला रुपया त्याच महिन्यात किराणा दुकानात, कापड दुकानात जातो. तो तिजोरीत पडून राहत नाही.

मात्र वाढ किती आणि कशी, हे महत्त्वाचं आहे. दहा वर्षं काहीच न करता एकदम मोठी उडी मारली, तर धक्का बसतोच. दरवर्षी थोडी आणि आधीच सांगून केलेली वाढ छोट्या उद्योगालाही पेलते. म्हणजे आकडा गोठवून ठेवणं मालकांच्याही सोयीचं नाही.

इतर देश काय करतात?

अमेरिकेत राष्ट्रीय किमान वेतन २४ जुलै २००९पासून तासाला ७.२५ डॉलरवर अडकलं आहे. १९३८मध्ये ते सुरू झालं, तेव्हापासून इतका काळ ते कधीच थांबलं नव्हतं. महागाईमुळे त्याची खरेदीशक्ती जवळपास एक तृतीयांशाने घटली आहे. टिप घेणाऱ्या वेटरांचा मूळ दर तर १९९१पासून २.१३ डॉलर आहे. कारण एकच: आकडा वाढवायचा तर काँग्रेसने नवा कायदा करावा लागतो आणि तिथे एकमत होत नाही. म्हणून कामगारांनी राज्यांकडे मोर्चा वळवला. २०१२मध्ये न्यू यॉर्कच्या फास्ट फूड कामगारांनी १५ डॉलरची मागणी करत संप सुरू केला आणि पुढे अनेक राज्यांनी व शहरांनी आपापले दर वाढवले.

ब्रिटनने वेगळी वाट धरली. तिथे मालक, कामगार आणि तज्ज्ञ यांचा स्वतंत्र आयोग दरवर्षी शिफारस करतो. एप्रिल १९९९मध्ये दर ३.६० पौंड होता, एप्रिल २०२५मध्ये तो १२.२१ पौंड झाला. दरवर्षी चर्चा होते आणि दरवर्षी आकडा हलतो.

फरक श्रीमंतीचा नाही, कारण अमेरिका ब्रिटनपेक्षा श्रीमंत आहे. फरक आहे तो आकडा बदलण्याची जबाबदारी आणि तारीख ठरलेली असण्याचा.

नव्या संहितेने काय बदललं?

२०१९ची वेतन संहिता सहा वर्षं थांबून २१ नोव्हेंबर २०२५ला लागू झाली. तिच्यात काही गोष्टी नक्कीच चांगल्या आहेत. किमान वेतन आता ठरावीक उद्योगांच्या यादीपुरतं नाही, सगळ्या कर्मचाऱ्यांना आहे. आधीचं राष्ट्रीय तळ वेतन फक्त सल्ला होता, राज्यांनी पाळलं नाही तरी चालत होतं. आता ‘तळ वेतन’ कायद्यात आहे आणि कुठलंही राज्य त्याखाली जाऊ शकत नाही. ज्यांचे दर आधीच जास्त आहेत, त्यांना ते कमी करता येत नाहीत. दावा करायला पूर्वी सहा महिने होते, आता तीन वर्षं आहेत. वेतन दिलं, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. कमी वेतन दिलं तर ५० हजारांपर्यंत दंड, पाच वर्षांत पुन्हा तोच गुन्हा केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पण दोन गोष्टींकडे लक्ष ठेवायला हवं. पहिली, तळ वेतनाचा आकडा कायद्यात लिहिलेला नाही, तो केंद्राने अधिसूचनेने ठरवायचा आहे. आकडा योग्य ठरला तर ही संहिता कामगारांची, आणि तो १७८च्या आसपास घुटमळला तर ती कागदाची. खरी अडचणही इथेच आहे. सल्ला होता तोवर कमी आकड्याने कुणाचं बिघडत नव्हतं. आता आकडा बंधनकारक झाल्यावर तो वाढवला, तर मागास राज्यांना आपले दर वाढवावे लागतील आणि स्वस्त मजुरी दाखवून उद्योग बोलावण्याची सोय संपेल.

दुसरी, तपासणीची. कामगार निरीक्षक आता ‘निरीक्षक तथा सुविधाकार’ झाला आहे. पहिल्या चुकीला खटल्याआधी सुधारण्याची संधी द्यायची आहे. प्रामाणिक मालकाला हे बरं आहे. पण तक्रार केली म्हणून दुसऱ्या दिवशी कामावरून काढलेल्या बाईला त्याचा उपयोग काय?

तुमचं वेतन कसं तपासाल?

सुरुवात वेतनचिठ्ठीपासून करा. ती देणं मालकावर बंधनकारक आहे. त्यावर मूळ वेतन आणि विशेष भत्ता वेगळे दाखवलेले आहेत का ते बघा. तुमचा उद्योग कोणता, तुम्ही कुशल, अर्धकुशल की अकुशल, आणि कामाची जागा कोणत्या परिमंडळात येते (महानगरपालिका, नगरपालिका की ग्रामीण भाग) हे लक्षात घ्या. राज्याच्या कामगार विभागाच्या संकेतस्थळावर चालू दर असतात, त्यांच्याशी ताडून पाहा. हजेरीचे दिवस आणि जादा तास स्वतःच्या वहीत तारखेनिशी लिहून ठेवा. बँकेचं पासबुक आणि वहीतल्या नोंदी हाच पुढे पुरावा होतो.

कमी वेतन मिळत असेल, तर कामगार आयुक्त कार्यालयात दावा करता येतो. तुमच्या वतीने संघटनाही दावा करू शकते. थकलेली रक्कम तर मिळतेच, शिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याची तरतूद आहे. एकट्याने जाण्यापेक्षा चार-पाच जणांनी मिळून गेलेलं बरं, कारण एकाला काढणं सोपं असतं.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालांना पूर्वी ना ठरलेला मालक होता ना ठरलेला पगार. बाबा आढाव यांची पुण्यातली हमाल पंचायत आणि अण्णासाहेब पाटील यांची माथाडी चळवळ यांनी त्यांना एकत्र आणलं. १९६९च्या माथाडी कायद्याने मंडळं आली, व्यापाऱ्यांकडून मजुरीबरोबर लेव्ही घेऊन हमालांच्या भविष्य निर्वाह निधीची आणि सुट्ट्यांची सोय झाली. ‘असंघटित कामात हे शक्यच नाही’ असं तेव्हाही म्हटलं जात होतं. ते शक्य झालं, कारण कुणीतरी हिशेब मागितला होता.

किमान वेतनाचा आकडाही तसाच आहे. तो आपोआप वाढत नाही. १९५७चं सूत्र आहे, न्यायालयाचे निकाल आहेत, समितीचा अहवाल आहे, आता कायदाही आहे. पुढच्या वेळी तळ वेतनाचा आकडा जाहीर झाला, की एवढंच करा: त्याला २६ने गुणा आणि आलेल्या रकमेत तुमच्या घरचं भाडं, किराणा, गॅस आणि मुलांची फी बसते का ते पाहा. तो आकडा बरोबर आहे की नाही, हे सांगायला मग कुठल्याही समितीची गरज उरणार नाही.